बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी

चि. ओंकार यास,


पुन्हा नवी बॅटरी घ्यायला निघालास, असं ताईकडून कळलं. जरा थांब. गाडी चार्जिंगच करत नसेल तर नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत बसेल. विहीर आटल्यावर नवा हंडा आणून काय होणार?

तुझी एमएम ५४० जीप जुन्या पद्धतीची डिझेल. यांत्रिक पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालत राहतं. पेट्रोल गाडी अल्टरनेटर गेला की वाटेतच आचके देते. जीप मात्र चकार शब्द काढत नाही. दिवसभर ताम्हिणीत हिंडवलीस तरी काही जाणवणार नाही. अंधार पडल्यावर हेडलाइट पिवळट दिसतात आणि सकाळी सेल्फ नुसता टक् करून गप्प बसतो.

आधी फॅनबेल्ट बघ. अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. आतून काचेसारखा चकाकत असेल तर तो घसरतोय, पाण्यातून गाडी काढल्यावर तर नक्कीच. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरं काही साचलं असेल तर सोड्याच्या पाण्याने धुऊन घे.

मग मीटर लाव. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळेल. आकडा बारातच रेंगाळला की लोक पाना उचलतात आणि अल्टरनेटर उतरवतात. तू तसं करू नकोस.

इंजिन चालू ठेवून हेडलाइट लाव. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर धर. ०.३ व्होल्टहून जास्त फरक आला तर चोर तारेत किंवा जोडात आहे. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत बघ, तिथे ०.२ सुद्धा जास्तच. जुन्या जीपमध्ये माझा पहिला संशय या अर्थिंगवरच असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे चेसिसशी त्याचा खरा संबंध एका पट्टीपुरता. गाडी हौसेने रंगवून घेतली आणि ती पट्टी रंगावरच आवळली, की संपलं. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते का, हात लावून बघ. पट्टी तुटली की करंट परतीची वाट त्या बिचाऱ्या केबलमधून काढतो. मग कोणी तरी केबल बदलून पैसे घेतो!

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही बघ. चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे, कारण बहुतेक अल्टरनेटरमध्ये फील्ड जागं करणारा करंट त्याच दिव्यातून जातो. बल्ब गेला असेल तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहतो, फार तर जोरात रेस दिल्यावर उठतो. गाडी चालू असताना दिवा मंद पेटत राहिला तर डायोडवर संशय घे. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर डायोड शॉर्ट झालाय आणि तोच बॅटरी पितोय.

नाक्यावरचा कोणी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून दाखवायला लागला तर त्याचा हात धर. डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात.

एवढं करूनही अल्टरनेटर उतरवायची वेळ आलीच, तर आधी बॅटरीची मायनस तार सोडव आणि बोटातली अंगठी काढून ठेव. मागच्या जाड तारेत चावी बंद असतानाही करंट असतो. आतले कार्बन झिजले असतील तर तेवढेच बदलून घे, अख्खा नवा घेऊ नकोस. उद्या रात्री मला चारही आकडे कळव: उभ्या गाडीचा, चालू गाडीचा आणि दोन्ही तारांवरचे. बॅटरीचं त्यानंतर बघू.

तुझा,
मामा