फलंदाजाला दृष्ट लागते का?



भाद्रपद सरत आला, पवनेचे पाणी उतरू लागले, की पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्यासारख्या क्रिकेटवेड्यांचे जुने दुखणे डोके वर काढते. नवा हंगाम तोंडावर आलेला असतो. अजून एक चेंडूही पडलेला नसतो, पण यंदा कोण किती धावा काढणार यावर वाद मात्र रंगू लागतात. मी तर गेल्या हंगामाच्या आकड्यांची वही काढूनच बसतो. आमच्या शेजारचे एक काका चाकणच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. ते वहीत डोकावतात आणि दरवर्षी तेच सांगतात, "ज्याच्या नावापुढे सर्वांत मोठा आकडा आहे ना, त्याचा यंदा कमी होणार बघ!" आणि बहुतेक वेळा तसेच होते. पूर्वी मला वाटे, काकांचीच दृष्ट लागते.

आपल्याच गावचे उदाहरण घेऊ. ऋतुराज गायकवाड हा जुन्या सांगवीचा मुलगा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तयार झालेला. २०२१ च्या आयपीएलमध्ये त्याने ६३५ धावा काढल्या. त्या हंगामात इतक्या धावा दुसऱ्या कोणीही काढल्या नाहीत. पुढच्या वर्षी काय झाले? पहिल्या तीन डावांत मिळून धावा २! हंगाम संपला तेव्हा बेरीज भरली ३६८. सामने दोन कमी मिळाले हे खरे, पण तेवढ्याने एवढी मोठी घट होत नाही.

अशा वेळी आपण लगेच कारणे शोधू लागतो. कोणी म्हणतो डोक्यात हवा गेली, कोणी म्हणतो गोलंदाजांनी त्याचे गुपित ओळखले, आणि आजी म्हणते दृष्ट काढा. यातले एखादे कारण खरे असेलही. पण यांतले एकही खरे नसते, तरी त्याच्या धावा कमी होण्याचाच संभव जास्त होता. तो कसा, हे पाहण्यासाठी एक प्रयोग वर्गातच करा. साहित्य फार लागत नाही, प्रत्येकाकडे एक नाणे पुरे.

वर्गात ४० विद्यार्थी आहेत असे समजू. प्रत्येकाने आपले नाणे १० वेळा उडवावे आणि छाप किती वेळा पडला ते लिहून ठेवावे. ज्यांना ७ किंवा अधिक छाप मिळाले ते आपले 'वीर'. असे साधारण सात जण निघतील. ज्यांना ३ किंवा त्याहून कमी मिळाले ते 'कच्चे' विद्यार्थी. तेही सातच्या आसपास असतील. आता गुरुजींनी वीरांची पाठ थोपटावी आणि कच्च्यांना चांगले रागवावे. मग दोन्ही गटांनी पुन्हा १०-१० वेळा नाणे उडवावे.

दुसऱ्या फेरीत दोन्ही गटांची सरासरी ५ च्या जवळ येईल. म्हणजे ज्यांचे कौतुक झाले ते घसरले आणि ज्यांना बोलणी बसली ते सुधारले! नाण्याला ना कौतुक कळते, ना राग. तरीही हा प्रयोग ठाऊक नसलेला मनुष्य छातीठोकपणे सांगेल की, छडीवाचून विद्या नाही. शिक्षकमित्रांनी या जागी क्षणभर थांबावे. चाचणीत एखादा मुलगा नेहमीपेक्षा फारच कमी गुण मिळवतो, आपण त्याला झापतो, आणि पुढच्या वेळी त्याचे गुण वाढतात. त्याचे श्रेय झापण्याला द्यावे काय? तो बहुधा आपल्या नेहमीच्या जागी परत आलेला असतो, इतकेच.

फलंदाजी म्हणजे काही नाणेफेक नव्हे. तिथे कसब असते. पण प्रत्येक आकड्यात कसबाबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. कधी झेल सुटतो, कधी इंचभराने धावबाद होतो, कधी दवामुळे चेंडू गोलंदाजाच्या हातातून निसटतो. शेकडो फलंदाजांत ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याच्याजवळ कसब तर होतेच, पण त्या वर्षी योगायोगही बहुधा त्याच्या बाजूने होते. पुढच्या हंगामात कसब त्याच्याबरोबर येते. योगायोग मात्र नव्याने वाटले जातात. म्हणून आकडा त्याच्या स्वतःच्या सरासरीकडे परततो. इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवले होते. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता त्यांच्याइतकी नाही.

परतणे दोन्ही बाजूंनी होते, हे विसरू नका. त्याच वाईट हंगामात, १ मे २०२२ रोजी, गहुंजेच्या मैदानावर ऋतुराजने ९९ धावा काढल्या. पुढे २०२३ मध्ये ५९० आणि २०२४ मध्ये ५८३. चारही हंगामांची सरासरी काढा, ५४४ येते. २०२२ च्या आकड्यावरून 'संपला हा' म्हणणारे फसलेच असते.

"मग नियम प्रत्येक वेळी लागू पडतो का?" असे तुम्ही विचाराल. नाही! पन्नास षटकांच्या विजय हजारे स्पर्धेत डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे पाच डाव असे होते: १३६, नाबाद १५४, १२४, २१ आणि १६८. एकूण ६०३. पुढच्या वर्षी हा आकडा उतरणारच, असे मीही वहीत लिहिले होते. त्याने पाच डावांत ६६० काढल्या, त्यांत एक डाव नाबाद २२० चा! नियम अनेकांच्या सरासरीविषयी बोलतो, एकाविषयी हमी देत नाही. आपल्या नाण्याच्या सात वीरांतही एखाद्याला पुन्हा सात छाप मिळतातच.

आता काकांच्या कारखान्यात डोकावू. लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा बनवायचा आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी एखादा जॉब ०.०१ मिलिमीटरने मोठा, एखादा तितकाच लहान निघतो. नवखा कामगार मायक्रोमीटरने मापतो आणि दांडा जरा मोठा आला की लगेच हत्यार पुढे सरकवतो. लहान आला की मागे. परिणाम? फरकांचा पसारा कमी होण्याऐवजी वाढतो, कारण आपोआप मध्याकडे परतणाऱ्या मापाला तो दर वेळी उलटा धक्का देत असतो. जुना कामगार बरेच जॉब मापून मगच यंत्राला हात लावतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पाठीवर क्रिकेटचे किट घेतलेली मुले बसथांब्यावर दिसतात, तेव्हा मला हा लेथ आठवतो. निवड चाचणीत मुलगा एका डावात शून्यावर बाद झाला की घरी जाताना वडील स्कूटरवरच ठरवून टाकतात, "पुरे झाले क्रिकेट." एका जॉबवरून यंत्र बदलण्यातलाच हा प्रकार. निदान दहा-वीस डावांची नोंद तरी हवी.

यंदाच्या वहीत मी प्रत्येक फलंदाजापुढे गेल्या हंगामाचा आकडा न लिहिता तीन-चार हंगामांची सरासरी लिहिली आहे. काकांना ती पसंत पडली. शेवटच्या पानावर रणजी करंडक आहे. महाराष्ट्राने तो प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम सामन्यात हरला. त्या पानावर यंदाचा विजेता म्हणून मी 'महाराष्ट्र' असे लिहिले आहे. काकांनी सरासरी विचारली. मी वही मिटली.