विमानाच्या प्रतिकृतीवरील अखेरचें काम

प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून विमानाची प्रतिकृति करण्याचा छंद तुमच्यांपैकीं कित्येकांस असेल. भाग चिकटले, रंग वाळला, कीं काम संपलें असें वाटतें. वस्तुतः प्रतिकृतीस तिची खरी ओळख त्यानंतरच मिळते. पंखांवरील व शेपटीवरील चिन्हें पाहूनच विमान कोणाचें व कोणत्या आघाडीवरचें हें कळतें. पातळ पापुद्र्यावर छापलेल्या व पाण्यांत भिजवितांच कागदावरून सुटणाऱ्या अशा चिन्हांस डिकॅल म्हणतात.

उदाहरणादाखल हॉकर हरिकेन हें विमान घेऊं. १९४४ सालीं जपानी सैन्यानें इंफाळला वेढा दिला, तेव्हां भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालीं याच विमानांतून शत्रूची टेहळणी करीत होती. ब्रिटिश पद्धतीच्या विमानांवर एरव्हीं निळें, पांढरें व मध्यभागीं तांबडें असें वर्तुळ असे. जपानी विमानांवरही तांबडा गोलच! दुरून वेगानें येणाऱ्या विमानावर तांबडा ठिपका दिसल्यावर खालच्या तोफेवरील माणसानें विचार तरी किती वेळ करावा? आपलें विमान आपल्याच माऱ्यानें पडण्याचा तो धोका होता. म्हणून पूर्वेकडील आघाडीवर तांबडा रंग काढून टाकण्यांत आला व गडद आणि फिकट अशा दोन निळ्या छटांचें लहान वर्तुळ रूढ झालें. पुष्कळ लढाऊ विमानांवर त्याचा व्यास अवघा १६ इंच असे. ७२ पटींनीं लहान केलेल्या प्रतिकृतीवर तो साडेपांच मिलिमीटरांच्या आसपास येतो. खेळण्याच्या पेटींत युरोपांतील आघाडीचीं चिन्हें असल्यास तीं सुंदर दिसतात म्हणून इंफाळच्या विमानावर लावूं नयेत. तसेच पंखांवरील पांढरे पट्टे १९४५ च्या आरंभीं आले. १९४४ च्या विमानास ते शोभणार नाहींत. शक्य तर त्या एका विमानाचें छायाचित्र मिळवून तें समोर ठेवावें.

आतां प्रत्यक्ष कृति. युद्धविमानाचा रंग निस्तेज असतो, आणि येथेंच नवशिका फसतो. मीही फसलों. माझ्या पहिल्या विमानावर चिन्हें थेट त्या रंगावर बसविलीं. वाळल्यावर प्रत्येकाभोंवतीं चंदेरी झांक उमटली व सगळें काम ठिगळ लावल्यासारखें दिसूं लागलें. कारण असें कीं, निस्तेज रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असतो. पापुद्र्याखालीं खळग्यांत हवा अडकते व ती प्रकाश परत फेंकते. यास्तव आधीं चकाकणाऱ्या व्हार्निशचा पातळ हात द्यावा व तो पुरता वाळूं द्यावा.

मग एक एक चिन्ह कापून कोमट पाण्यांत क्षणभर बुडवावें आणि टीपकागदावर ठेवावें. मिनिटभरानें तें बोटानें हळूच सरकवून पाहावें. सरकलें तरच लावावें, ओढूं नये. ज्या जागीं बसवावयाचें तेथें पाण्याचा थेंब टाकावा म्हणजे चिन्ह तरंगतें व ओल्या कुंचल्यानें नेमकें जागेवर आणतां येतें. नंतर मऊ फडक्यानें मध्याकडून कडेकडे पाणी टिपावें. चिन्ह मऊ करणारें द्रावण लावल्यास तें प्रथम सुरकुततें. त्या वेळीं घाबरून हात लावाल तर फाटेल. तें आपोआप ताणून पत्र्यांच्या सांध्यांत बसतें. बुडबुडा राहिल्यास सुईनें टोंचून पुन्हां थेंबभर द्रावण द्यावें. एका दिवसांत एकच बाजू करावी, हें बरें. दुसऱ्या दिवशीं सुटलेल्या गोंदाचे डाग ओल्या फडक्यानें पुसून निस्तेज व्हार्निश द्यावें. व्हार्निश लावतांना खिडक्या उघड्या असाव्यात आणि कापण्याची सुरी लहान मुलांच्या हातीं एकट्यानें देऊं नये, एवढी पालकांस विनंति.

बारकावे थोडेच पण विचारपूर्वक करावेत. धुराड्यांमागें पेन्सिलीच्या शिशाची पूड कोरड्या कुंचल्यानें मागच्या दिशेनें ओढली कीं काजळी दिसते. रंग उडून धातू उघडा पडल्याचे रुपेरी ओरखडे काढण्याची हौस मुलांना फार. परंतु हरिकेनच्या धडाचा मागील भाग कापडानें मढविलेला असे, तेव्हां तेथें धातू दिसणें अशक्य! इंजिनावरील आवरणावर व पंखाच्या मुळाशीं दोन-चार ओरखडे पुरेत.

छायाचित्रांत रेडिओची तार दिसत असेल तर तीही करतां येते. सुटे भाग ज्या दांडीस जोडलेले असतात तिचा तुकडा मेणबत्तीपासून थोड्या उंचीवर फिरवीत तापवावा, मऊ होतांच बाजूस घेऊन दोन्ही हातांनीं ओढावा; केंसासारखा धागा निघतो. हें काम वडील माणसाच्या समक्षच करावें. धागा मापानें कापून दोन्ही टोंकांस गोंदाचा कणभर ठिपका लावून बसवावा, आणि रात्रभर विमानास कोणीं शिवूं नये.