सुट्टीचा दिवस, खोडकर मुले आणि आईबापांची काळजी
शास्त्रपाठ : लूक २:४१-५२

जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीमुळे तेलंगणातील शाळांना सुट्टी दिली गेली. अशा दिवशी हैदराबादेत मुलांना साचलेल्या पाण्याची ओढ, तर आईबापांना नाल्याची धास्ती! ही काळजी म्हणजे अविश्वास नव्हे, असे आम्हांस वाटते.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला. ती खोडी नव्हती. तरी मरीया व योसेफ यांनी कष्टी होऊन त्याचा शोध केला. तीन दिवसांनंतर तो मंदिरात सापडला. मरीयेने आपले दुःख बोलून दाखवले, कारण विचारले, उत्तर ऐकले. ते उमगले नाही, तरी सर्व मनात ठेवले. येशूही घरी परतून त्यांच्या आज्ञेत राहिला.

आपणही धपाटा घालण्यापूर्वी मुलाचे ऐकू या.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न : आईच्या रागामागची भीती आपण ओळखतो काय?