ऐतिहासिक कादंबरीमाला आणि वाचकांचा कौल : गोंदिया परिसराच्या संदर्भात

युद्धप्रसंगांनी गजबजलेल्या ऐतिहासिक कादंबरीमालांना मराठीत मोठा वाचकवर्ग लाभला; समीक्षेने मात्र त्यांची बोळवण बहुधा ‘रंजनपर’ या एका विशेषणावर केली. वाचकांची या मालांविषयीची मते कोणत्या निकषांवर बनतात, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे नाथमाधव (१८८२–१९२८) यांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी मालाच रचली. येथे एक पेच उद्भवतो. रहस्यकथेचा शेवट वाचकाला अज्ञात असतो. शिवचरित्रातील घटना त्याला आधीच ठाऊक असतात. महाराज आग्र्याहून सुखरूप परतणार हे जाणणाऱ्याची उत्कंठा टिकते कशी? ती कल्पित पात्रांकडे वळते. एखाद्या अनाम शिलेदाराचे वा हेराचे पुढे काय होणार, हे कोणत्याच बखरीत सापडत नाही. परिणामी वाचक कल्पित पात्रांबाबत लेखकाला मुक्त वाव देतो, परंतु ज्ञात व्यक्तींच्या चरित्रातील फेरफार त्याला खटकतो. ‘पुढे काय?’ आणि ‘हे खरे का?’ हे दोन्ही निकष एकाच वाचनात असे कार्यरत असतात.

तिसरा निकष ‘हे आपले का?’ हा होय. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षा-क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तलावांचा आणि धानशेतीचा. मराठीबरोबर येथे हिंदी, पोवारी, गोंडीही बोलल्या जातात. झाडीपट्टीच्या रंगभूमीने येथील प्रेक्षकाला ऐतिहासिक नाटकांची ओळख करून दिली आहे. सह्याद्रीचे कडे मात्र त्याच्या रोजच्या अनुभवाबाहेरचे. उलट, कामठ्याच्या जमीनदाराने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध केलेला उठाव याच भूमीवर घडला. रायगडाचा इतिहास ‘आपला’ मानणारा वाचक कामठ्याच्या इतिहासाला तसाच मानतो काय, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याच्या अभिरुचीविषयी विधान करणे धाडसाचे ठरेल.

अशा अभ्यासाचे प्राथमिक साधन म्हणजे गावोगावच्या ग्रंथालयांतील देवघेवीच्या नोंदवह्या. पहिला भाग परत केल्यावर वाचकाने दुसरा किती दिवसांत नेला, यावरून उत्कंठेचा अंदाज बांधता येतो. तथापि प्रत एकच असल्यास हा अंदाज फसतो. शिवाय पुस्तक का आवडले, हे नोंदवही सांगत नाही. त्यासाठी वयोवृद्ध वाचकांच्या मुलाखती हव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम प्रबंधिकेसाठी अवश्य हाती घ्यावे. वह्या जीर्ण होतात, वाचकही काळाच्या पडद्याआड जातात. त्यांच्याबरोबर समीक्षेने न ऐकलेला कौलही लुप्त होईल.