तळवे बघायचे राहिले

मुंबई मॅरेथॉन पुरी करून त्या रविवारी संध्याकाळी डहाणूला उतरले, तेव्हा उजव्या पायाचा अंगठा बुटात ठणकत होता. घरी मोजा काढला तर नखाखाली पिकल्या जांभळासारखा डाग. लांब पळणाऱ्यांना असं नख नवं नसतं. बुटाच्या टोकावर अंगठा आपटत राहतो, नखाखाली रक्त साकळतं. मी दुर्लक्ष केलं. पण पुढे जे शिकले ते या नखामुळेच, म्हणून सुरुवात तिथून.

मी पळत होते ते त्वचेच्या कॅन्सरबद्दल जागृती करण्यासाठी. दोन वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईंच्या नाकाजवळची बारीक पुळी काही केल्या बरी होईना. तपासल्यावर त्वचेचा कॅन्सर निघाला, बेसल सेल प्रकारचा, हळू वाढणारा. वेळेवर काढला आणि त्या आज ठणठणीत आहेत. हे आपल्या भागात सगळ्यांना कळायला हवं, असं मनाने घेतलं. पहाटे साडेचारला निघून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीपर्यंत पळायचं, सुरूच्या बनापाशी उजाडायचं, असे सहा महिने गेले.

या जागृतीसाठी पैसे जमवताना पहिली चूक झाली. नातेवाईक, पतपेढीतले सहकारी, चिकूवाडीवाले, सगळ्यांना निरोप धाडले आणि पैसे माझ्याच फोनवर घेतले. एक लाख बारा हजार रुपये जमले. एका गृहस्थांनी करसवलतीची पावती मागितली, ती मी कुठून देणार? त्यांचं मागणं रास्त होतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये युनायटेड वे मुंबईमार्फत नोंदणीकृत संस्थेसाठी पळता येतं, देणगी संस्थेकडे जाते आणि देणाऱ्याला पावती मिळते. वेगळा कार्यक्रम करायचा असला तरी एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या. स्वतःच्या खात्यावर दुसऱ्याचा रुपयाही घेऊ नका.

दुसरी चूक त्याहून मोठी. फेब्रुवारीत तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर कार्यक्रम ठेवला. फलकावरचा मजकूर आणि चित्र मी परदेशी माहितीपत्रकांवरून घेतलं होतं. गोऱ्या बाईच्या गालावरचा तीळ, शेजारी छत्री, खाली सूचना: दहा ते चार उन्हात जाऊ नका, सनस्क्रीन लावा. उन्हात न जाण्याची ही सूचना मी ज्यांना वाचून दाखवली, त्या बाया भाताच्या आवणीच्या दिवसांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकलेल्या असतात. जमलेल्या पैशांतून मी टोप्या आणि सनस्क्रीनच्या नळ्या वाटल्या. पुढच्या रांगेत साठीच्या एक बाई पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर मी माझ्या हाताने टोपी ठेवली.

शिवाय निम्मा पाडा त्या दिवशी गावात नव्हताच. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, बाकीचे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. इथे जन्म काढलेल्या मला हे ठाऊक होतं, पण तारीख ठरवताना मी माझी सुट्टी पाहिली.

मार्च उजाडला तरी नख काळंच. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंगाच्या उपकरणातून पाहिलं आणि रक्तच आहे म्हणाले. मग सांगितलं, दर महिन्याला नखाचा फोटो काढा. साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेव्हा घाई नको. पण काळी रेघ जागची हलत नसेल, रुंद होत असेल, काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. बॉब मार्ली या जमैकाच्या गायकाचा कॅन्सर असाच अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता आणि आधी तो फुटबॉलची दुखापत समजला गेला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

निघताना मी कौतुकाने कार्यक्रमाचे फोटो दाखवले. डॉक्टरांनी फलक वाचला आणि एवढंच विचारलं, "चपला काढायला लावल्या होत्या का?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं. त्यामुळे मेलानोमा हा घातक प्रकार आपल्याकडे कमी आढळतो. पण आढळतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो, आणि तिथे उन्हाचा संबंध नसतो. सनस्क्रीन खरोखर लागतं ते जन्मापासून ज्यांचे केस आणि कातडी रंगहीन आहे त्यांना. त्यांना ते मिळायलाच हवं. कोड म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही सांगायला हवं. भाजल्याचा जुना वण वीस-तीस वर्षांनी पुन्हा चिघळला, तर तो तपासलाच पाहिजे. आणि कंबर. टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी १९४०च्या दशकातच धोतराच्या काचामुळे होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी परकराची नाडी आणि घट्ट नेसलेलं लुगडं यांच्या काचाने झालेल्या जखमांमधला कॅन्सर नोंदवला. वर्षानुवर्षं एकाच जागी काचत राहिलं की कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. उपाय साधा आहे. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, जागा बदला.

होळीला भट्टीवरची माणसं घरी येतात. त्या आठवड्यात आम्ही परत गेलो. फलक नाही, माईक नाही. आशाताई, उपकेंद्रातल्या नर्सबाई, दोन विजेऱ्या आणि पाण्याचं घमेलं. पाय धुवायचे, पुसायचे, टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. कंबर बघायला शेजारच्या घरात आडोसा केला होता.

टोपीवाल्या बाई आल्या. डावी टाच त्यांनी ओल्या फडक्याने दोनदा पुसली, तरी रुपयाएवढा काळा डाग गेला नाही. कडा वेड्यावाकड्या, मध्ये ओलसर फुटलेलं. गेल्या आवणीत काटा रुतला, मग कुरूप झालं, असं त्या म्हणाल्या. मुलाने ते ब्लेडने दोन वेळा तासलं होतं, वर चुना लावला होता. फेब्रुवारीत मी टोपी ठेवली तेव्हाही हा डाग तिथेच होता, माझ्या हातापासून दोन फुटांवर.

म्हणून कळकळीने सांगते. तळव्यावरचा काळा डाग वाढत असेल, कुरूप समजलेली गाठ रक्ताळत असेल, जखम महिनाभरात भरत नसेल, तर तिला ब्लेड, चुना, सोडा काही लावू नका. अशी प्रत्येक जखम कॅन्सर नसते. मधुमेहात होते, कुष्ठरोगातही होते. त्यांनाही उपचार आहेत, पण निदान डॉक्टरांनी करायचं. तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. आणि पैसे जमवणाऱ्यांनो, रुग्णाच्या आणि सोबत जाणाऱ्याच्या गाडीभाड्यासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी रक्कम राखून ठेवा. पाड्यावरून परळच्या टाटा मेमोरियलपर्यंतच्या वाटेत माणसं याच दोन गोष्टींपायी उपचार सोडतात.

बाईंच्या टाचेवरच्या डागाचा तुकडा तपासला. मेलानोमाच होता आणि जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. टाचेचा भाग काढला, गाठी काढल्या. ब्लेड लागण्याआधी दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. लवकर सापडला तर नुसता काढूनही पुष्कळदा भागतं, असं ते म्हणाले. सध्या त्या आपल्या मुलाबरोबर पहाटेच्या लोकलने तपासणीला जातात. पायाखाली मऊ जाड तळाची चप्पल असते, चालताना डावा पाय जपून टेकवतात.

माझं नख यंदा पुरतं निघून नवं आलं. जानेवारीत पुन्हा पळाले, या वेळी एका नोंदणीकृत संस्थेसाठी. होळीच्या आदल्या दिवशी त्याच पाड्यावर गेलो तर अंगणात चपलांची रांग लागलेली होती. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. शेजारणीची टाच मांडीवर घेऊन त्या ती ओल्या फडक्याने पुसत होत्या, आणि आशाताई विजेरी धरून उभ्या होत्या.