महामारी आणि अंतर्गळ : एक अभ्यास

अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, हा लाजेने लपविला जाणारा आजार आहे. जांघेतील फुगवटा आडवे झाल्यावर आत जातो, म्हणून माणसे वर्षानुवर्षे निर्धास्त राहतात. परंतु आतडे त्या फटीत अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच ते सडू लागते. गाठ कठीण व दुखरी होणे, ती आत न जाणे, उलट्या होणे, शौच व वारा बंद होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी शस्त्रक्रियेला पुढची तारीख देता येत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. साधा अंतर्गळ त्यांत आलाच. महामारीच्या ऐन भरातील 12 आठवड्यांत जगभर सुमारे 2 कोटी 84 लाख शस्त्रक्रिया रद्द होतील वा लांबतील, असा 'कोविडसर्ज' या संशोधक गटाचा अंदाज होता. एस.टी. बंद, इस्पितळाची धास्ती, त्यात हातावरचे पोट. आमच्या वस्तीतील एका हमालाने तीन दिवस उलट्या अंगावर काढल्या; चौथ्या दिवशी आतड्याचा तुकडा कापावा लागला. ते वाचले, हमाली मात्र सुटली.

शल्यविशारदांची अडचणही खरी होती. याच गटाने 24 देशांतील 1,128 बाधित रुग्णांची पाहणी मे 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत 23.8 टक्के रुग्ण दगावले होते. पुढे 2021 मध्ये, संसर्गानंतर शक्यतो 7 आठवडे थांबावे, असा निष्कर्ष निघाला. अडकलेल्या आतड्याला 7 आठवडे कोठून मिळणार?

म्हणून खरा प्रश्न महामारीपूर्वीच्या वर्षांचा आहे. वेळीच केलेली ही शस्त्रक्रिया अवघड नाही, आणि जाळीही महागच असावी असे नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड जाळी म्हणून वापरून दाखविले. युगांडातील चाचणीतही अशी स्वस्त जाळी वर्षभरानंतर महागड्या जाळीइतकीच टिकाऊ ठरली. ती माहिती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी झाली. 1948 मध्ये तिचा कायदा झाला. तो प्रथम कारखान्यांपुरता होता. ओझी वाहणारा असंघटित हमाल त्या दाराबाहेरच राहिला आणि 2020 मध्येही तो बाहेरच उभा होता.