शेंडा खुडला की पान कडक का होतं?

बेळगुंदीकडे भात, रताळी; तंबाखू बघायची तर निपाणी गाठायला हवी. १९८१ मध्ये शरद जोशींबरोबर शेतकरी महामार्गावर बसले ते याच पिकाच्या भावासाठी.

तंबाखूचा कडकपणा म्हणजे निकोटीन, एक अल्कलॉइड. ते पानात तयार होत असेल असं मलाही वाटायचं. पण ते बनतं मुळांत, आणि पाण्याबरोबर वर चढतं. अमेरिकेतल्या डॉसन यांनी १९४२ मध्ये तंबाखूचा शेंडा टोमॅटोच्या मुळावर कलम केला. पानांत निकोटीन जवळपास आलंच नाही. उलटं कलम केलं, तर चक्क टोमॅटोच्या पानांत निकोटीन!

मग मुळांना हुकूम कोण देतं? अळीने पान कुरतडलं की झाडात जास्मोनेट हे संप्रेरक वाढतं आणि निकोटीन बनवणारी जनुकं कामाला लागतात. म्हणजे ज्याला आपण कडक म्हणतो, ते झाडाचं अळीसाठीचं विष. फुलोरा येताना शेतकरी शेंडा खुडतो, तेव्हा जखम तर होतेच, शिवाय शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन थांबतं. ऑक्झिन हा मुळांवरचा लगाम. तो सुटला की निकोटीन वाढतं. बगलेतून फुटणारे कोंब ठेवले तर त्यांच्या शेंड्यांतून ऑक्झिन पुन्हा सुरू, म्हणून तेही काढायचे. नत्राचं खतही हवंच, निकोटीनच्या प्रत्येक रेणूत नत्राचे दोन अणू असतात.

हे विष माणूस आणि अळी असा भेद करत नाही. दवाने ओली पानं उघड्या हातांनी तोडली की निकोटीन कातडीतून आत जातं. मग मळमळ, चक्कर, उलटी. बिडी न ओढणाऱ्या बाईलासुद्धा.